बाळाच्या वाटीत नुसता रस्सा नको

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज हप्ता नाही, व्याज नाही, कर्जाचा अर्जही नाही. आज आम्ही मटणाबद्दल बोलणार आहोत, आणि तेही घरातल्या सगळ्यांत लहान माणसाच्या मटणाबद्दल. जे बाळ वर्षाचं झालंय आणि अजून तीन वर्षांचं व्हायचंय, त्याच्या रात्रीच्या जेवणात मऊ शिजवलेलं मटण किंवा कोंबडी कशी द्यायची, तेवढाच आजचा विषय. ज्यांच्या घरात माळ आहे, त्यांच्यासाठी आजचा स्वयंपाक नाही. पण रेडिओ बंद करू नका. मधे लिंबाची आणि चहाची गोष्ट येणार आहे, ती तुमच्याही कामाची आहे.

आपल्याकडे मटण कसं होतं ते आपल्याला माहीतच आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार चालत नाही, एकादशी-चतुर्थी चालत नाही, श्रावण पाळायचा. मग राहतो बुधवार, शुक्रवार आणि मुख्य म्हणजे रविवार. त्या दिवशी सकाळी पातेल्यात मटण, हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजायला ठेवतात. शिजलं की मसाला पडायच्या आधी त्यातलं पाणी एका वाटीत काढतात. त्याला कुणी अळणी म्हणतं, कुणी सूप म्हणतं, मुसलमान भगिनींच्या घरी त्याला यखनी म्हणतात. ती वाटी लहान लेकराची. बाळाला अळणी पाजली, भात त्यात कालवून चारला, की आजी म्हणते, "सगळा कस उतरलाय त्यात, आता बघ कसं अंग धरतंय ते." मसाला न घालता बाळाचं आधी बाजूला काढायचं, ही रीत फार चांगली आहे. ज्या कुणा आजीनं ती पाडली तिला आमचा नमस्कार. अडचण एकच आहे. वाटीत पाणी येतं, आणि ज्याच्यासाठी मटण आणलं तो तुकडा पातेल्यातच राहतो.

कस पाण्यात उतरतो, हा समज आपण जरा नीट तपासू.

मटण पाण्यात शिजतं तेव्हा पाण्यात काय येतं? वास येतो, चव येते, थोडी चरबी वर तरंगते, मीठ येतं, आणि हाडांचा, शिरांचा चिकटपणा येतो. गार झाल्यावर अळणी थरथरीत गोठते ना, तो हा चिकटपणा. हे सगळं चांगलंच आहे, वाईट काही नाही. पण अंग भरायला लागणारं प्रथिन आणि रक्ताला लागणारं लोह, यांतला मोठा वाटा मांसाच्या धाग्यांतच राहतो. मटणाचा लाल रंग ज्यामुळे असतो, त्याच द्रव्यात हे लोह बांधलेलं असतं, आणि शिजताना ते धाग्यांतच घट्ट बसतं. म्हणून वाटीभर अळणी प्यायलेल्या बाळाच्या पोटात बहुतेक पाणीच गेलेलं असतं. आणि बाळाचं पोट केवढं? एका वेळेला वाटीभर, फार तर जरा जास्त. ती वाटी पाण्यानं भरली की पुढं भाताचे दोन घासही जात नाहीत. आई म्हणते, "आज मटण खाल्लंय त्यानं." खाल्लेलं नसतं, प्यायलेलं असतं.

हे आम्ही एवढं लावून का धरतो, ते सांगतो. 2019 ते 2021 या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी झाली. तिच्यात आपल्या महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाची शंभरातली जवळपास 69 मुलं रक्त कमी असलेली निघाली. त्याआधीच्या फेरीत हा आकडा 54 च्या आसपास होता. म्हणजे कमी होण्याऐवजी वाढला. आपल्या गल्लीतल्या दहा लेकरांपैकी सहा-सात लेकरं. ती आजारी दिसतातच असं नाही. फिकी दिसतात, लवकर दमतात, किरकिरी असतात, भूक कमी असते, आणि आपण म्हणतो की पोर मुळातच नाजूक आहे. याच वयात मेंदूची वाढ जोरात चाललेली असते आणि तिला लोह लागतं. पुढं मोठेपणी भरपूर खाऊ घातलं तरी या वयातली तूट पूर्ण भरून निघेलच असं नाही.

एक ते तीन वर्षांच्या बाळाला दिवसाला साधारण 8 मिलिग्रॅम लोह मिळावं, असं आपल्या देशातले पोषणतज्ज्ञ सांगतात. आता कुणी म्हणेल, बाजरीतही लोह असतं, मेथीत असतं, अळिवात असतं. असतंच. पण पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात जात नाही. धान्याच्या आणि पाल्याच्या लोहातलं फार थोडं अंगी लागतं. मांसातलं लोह वेगळ्या रूपात असतं, ते त्याच्या कितीतरी पट सहज अंगी लागतं. आणखी एक गंमत आहे. मटणाचे दोन घास भाकरी-डाळीबरोबर पोटात गेले, तर त्या भाकरी-डाळीतलं लोहही जास्त शोषलं जातं. म्हणून बाळाला ताटभर मटण द्यायची गरजच नाही. थोडं, पण रोजच्या जेवणात मिसळलेलं, एवढं पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली लहान मुलांच्या वरच्या आहाराबद्दल जे मार्गदर्शन काढलं, त्यात सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांना मांस, मासे किंवा अंडी यांपैकी काहीतरी रोज मिळावं असं म्हटलंय. आपल्याकडे रोज मटण कुणाला परवडतं? किलोला सातशेच्या पुढे गेलंय. पण रोज अंडं, आणि ज्या दिवशी घरात मटण-कोंबडी होईल त्या दिवशी बाळाच्या वाट्याचा तुकडा, एवढं बहुतेक घरांत जमण्यासारखं आहे.

हिशोब गटातल्या बायकांना आवडतो म्हणून करून दाखवतो. किलोभर मटणाचे खाटीक पंचवीस-तीस तुकडे करतो. बाळाला एका जेवणाला लागतं हाड काढून दोन मोठे चमचे, म्हणजे तीसेक ग्रॅम शिजलेलं मांस. ते होतं एका, फार तर दोन तुकड्यांत. तीस तुकड्यांतले दोन. पाहुणे आले तरी दोन तुकड्यांनी कुणाच्या ताटात खड्डा पडत नाही. पण ते दोन तुकडे कुणीतरी आधी बाजूला काढून ठेवावे लागतात, कारण वाढायला सुरुवात झाली की पातेलं कुणाकुणाकडून फिरत येतं ते आपल्याला माहीत आहे. आधी कारभारी, दीर, मामंजी, मग मोठी पोरं, आणि शेवटी आपण, रश्शात भाकरी बुडवून. बाळ आपल्याच मांडीवर असतं, म्हणून त्याच्याही वाट्याला आपल्याचसारखा रस्सा येतो. मुलगी असली तर जास्तच.

आता हे तुकडे द्यायला घरातले नाही का म्हणतात? "पचायचं नाही", "उष्ण पडेल", "दात येऊ देत मग". यातलं शेवटचं बोलणं खरं आहे, आणि सगळी मेख तिथंच आहे. वर्षाच्या बाळाला पुढचे दात असतात, ते तोडायला. चावून बारीक करायला दाढा लागतात. पहिल्या दाढा साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात येतात, आणि मागच्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांच्या आसपास. म्हणजे मांस पचवायची ताकद बाळाच्या पोटात असते, फक्त जातं बसवलेलं नसतं. जात्याचं काम आपण चुलीवर आणि हातानं करून द्यायचं. दाढा येईपर्यंत थांबायचं म्हटलं, तर लोहाची सगळ्यांत जास्त गरज असलेली दोन वर्षं निघून जातात.

तर आता चुलीकडे वळू.

मटण चिवट का असतं? जनावर जो अवयव जास्त चालवतं, तिथले धागे जाड असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे पांढरे चिवट पडदे जास्त असतात. बोकड दिवसभर चरत फिरतो, मान खाली-वर करतो. म्हणून पाय, फरा आणि मान चिवट. घाईनं, मोठ्या आचेवर खळखळ उकळलं की धागे आवळतात, आतलं पाणी बाहेर टाकतात आणि मांस दोरीसारखं होतं. तेच मटण थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर तास-दीड तास राहिलं, की तो पांढरा पडदा हळूहळू विरघळून गुळगुळीत होतो, धागे सुटे होतात आणि प्रत्येक धाग्याभोवती त्याचा ओलावा राहतो. बाळाला गिळायला हाच ओलावा मदत करतो. म्हणून गंमत अशी की बाळासाठी चापेपेक्षा फऱ्याचं आणि मानेचं मटण चांगलं. चाप लवकर शिजते, पण कोरडी लागते. फरा वेळ घेतो, पण लोण्यासारखा होतो.

खाटकाकडे गेल्यावर नुसतं "अर्धा किलो द्या" म्हणू नका. "फऱ्याचं आणि मानेचं द्या, थोडे मोठे तुकडे करा, हाडाचा चुरा नको" असं म्हणा. लहान तुकडे करायला सत्तूर जास्त वेळा पडतो आणि हाडाच्या किरच्या होतात. बाळाच्या घशाला सगळ्यांत मोठा धोका त्या किरचांचा. मोठा तुकडा हाडासकट शिजवला की शिजल्यावर मांस आपोआप हाड सोडतं. बोल्हाई मानणाऱ्या घरांत बोकड चालत नाही, मेंढीचंच मटण लागतं. मेंढीला चरबी जास्त असते, शिजवायची रीत तीच. वर साचलेलं तेल थोडं काढून टाकावं, एवढाच फरक.

बाळापुरतं वेगळं करायचं असेल तर पाव किलो मटण घ्या. हाडं वगळून चार वेळचं होतं, म्हणजे घरात दोन लहान पोरं असतील तर दोन जेवणं. मटण धुऊन त्याला पाव चमचा हळद, एक छोटा चमचा आलं-लसूण वाटण आणि एक चमचा ताजं दही चोळून अर्धा तास ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात मोठा चमचाभर तेल तापवा. एक मध्यम कांदा बारीक चिरून त्यात गुलाबी होऊ द्या. काळा नको, कडवट लागतो. मग मटण टाका आणि परता. आधी मटणाला पाणी सुटेल, ते आटेपर्यंत आठ-दहा मिनिटं परतत राहा. इथं घाई करू नका. पाणी आटून तेल सुटायला लागलं की वासच बदलतो, आणि बाळाला मसाला न घालताही जी चव लागते ती इथं तयार होते. लाल तिखट, कांदा-लसूण मसाला काही नको. फार तर एक लवंग, छोटा दालचिनीचा तुकडा, आणि तो नंतर आठवणीनं काढायचा.

आता पाणी. तुकडे अर्धे बुडतील एवढंच गरम पाणी घाला, त्याहून जास्त नाही. पातेल्यावर खोलगट ताटली झाकण म्हणून ठेवा आणि त्या ताटलीत पाणी भरा. आपल्या आया-आज्या हे करत आल्या, आणि त्यात दोन कामं एकदम होतात. ताटली थंड राहते, म्हणून आतली वाफ तिला लागून पाणी होते आणि परत मटणावर ठिबकते. मटण स्वतःच्याच वाफेत शिजतं, करपत नाही. आणि ताटलीतलं पाणी गरम झालेलं असतं, ते आत कमी पडलं की तेच ओतायचं. गार पाणी ओतलं की शिजणं मधेच थांबतं आणि पुन्हा उकळी यायला वेळ जातो. गॅस अगदी बारीक. चूल असेल तर लाकडं मागं ओढून नुसत्या निखाऱ्यावर ठेवा. आत बुडबुडा अधूनमधून एखादा यायला हवा, खळखळ नको. दर वीस मिनिटांनी एकदा बघा. तासाभरानं त्यात तांबड्या भोपळ्याच्या चार फोडी आणि एक टोमॅटो टाका. भोपळ्यानं गोडी येते आणि रस दाट होतो, बाळं तो चटकन खातात. तास-सव्वा तास ते दीड तासात मटण होतं. झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही, बोटं सांगतात. एक तुकडा काढा, फुंकून गार करा आणि अंगठा आणि बोट यांच्यात दाबा. जोर न लावता तो विस्कटला तर झालं. दाबून परत उसळला, तर अजून वीस मिनिटं.

दीड तास चुलीपाशी कुणाला आहे, असं तुम्ही म्हणणारच. शेतातून सहा वाजता आलेल्या बाईला तर नाहीच. मग कुकर. परतण्यापर्यंत सगळं तसंच करा, कुकरमधेच. कपभर गरम पाणी आणि भोपळा घालून झाकण लावा. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्या, मग गॅस बारीक करून वीस ते पंचवीस मिनिटं ठेवा. किती शिट्ट्या, असं विचारू नका, प्रत्येकीच्या कुकरची शिट्टी वेगळी. मिनिटं मोजा. नंतर वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की आतलं पाणी एकदम उसळतं आणि मटण कोरडं पडतं. कुकरात आतली उष्णता उघड्या पातेल्यापेक्षा जास्त चढते, म्हणून तो पडदा लवकर विरघळतो. चव पातेल्यासारखी येत नाही, हे आम्हीही मानतो, पण मऊपणात फरक नाही आणि बाळ चवीची तुलना करत बसत नाही.

ज्या घरात किलोभर मटण सगळ्यांसाठी होतंय, तिथं वेगळं पातेलंही नको. अळणी काढता तेव्हाच, मसाल्याच्या आधी, फऱ्याचे दोन-तीन मऊ तुकडे आणि दोन पळ्या अळणी एका छोट्या भांड्यात काढा आणि बारीक गॅसवर झाकून पुढं शिजू द्या. मोठ्यांना जरा चावायला लागणारं मटण आवडतं, बाळाचं त्याहून पंधरा-वीस मिनिटं जास्त शिजायला हवं. मीठ सगळ्या मटणात आधीच पडलेलं असतं, ते बाळाला जास्त होतं. म्हणून मीठ अगदी कमी घालून शिजवा आणि मोठ्यांचं नंतर वाढवा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या जेवणात तर मीठ घालूच नये.

कोंबडीचं गणित वेगळं. बाजारातली ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते, ती झाकणावर पाणी ठेवून पंचवीस-तीस मिनिटांत शिजते. बाळासाठी छातीचा पांढरा तुकडा घेऊ नका, तो पटकन कोरडा होतो. तंगडीचं आणि मांडीचं मांस घ्या. ते ओलसर राहतं आणि त्यात लोहही थोडं जास्त असतं. गावरान कोंबडी, तीही अंडी देऊन थकलेली, तिला मटणाइतकाच, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. कुकरात पस्तीस-चाळीस मिनिटं. कोंबडीत लोह मटणापेक्षा कमी असतं, पण ती परवडते आणि जास्त वेळा होते, म्हणून आमच्या मते तिला नाक मुरडू नये.

आता सगळ्यांत महत्त्वाचं काम, आणि ते गॅस बंद केल्यावर सुरू होतं. मांस ताटात पसरून गार होऊ द्या. हात स्वच्छ धुऊन प्रत्येक तुकडा बोटांनी उकला. हाड बाजूला, कुर्चा बाजूला, पांढरी जाड शीर बाजूला. उजेडात करा, मिणमिणत्या दिव्यात नको. किरच डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. मग जे धागे राहतात ते लांब असतात, आणि लांब धागा घशात अडकतो. म्हणून धाग्यांच्या आडवे सुरी चालवून ते बारीक करा, किंवा खलबत्त्यात हलक्या हातानं दोन ठोके द्या. दीड वर्षाच्या आतल्या बाळाला हे मांस भोपळ्यात आणि रसात पूर्ण कुस्करून द्या. दोन वर्षांच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढे बारीक कण चालतात. त्याला चावायची सवयही लागली पाहिजे, सगळंच मिक्सरमधून काढू नका.

वाटी अशी भरा: अर्धी वाटी मऊ भात किंवा रसात भिजवून कुस्करलेली भाकरी, त्यात दोन मोठे चमचे बारीक केलेलं मांस, भोपळ्याचा गर, आणि घट्ट रस फक्त ओलं होण्यापुरता. वरून साजूक तूप अर्धा चमचा. आणि लिंबाचे चार थेंब. हे लिंबू चवीसाठी नाही. आंबटातलं क जीवनसत्त्व भाकरी-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. माळकरी भगिनींनो, तुमच्या बाळाच्या वरणात, मेथीच्या मुटक्यात, मटकीच्या कढणात हे लिंबू म्हणूनच रोज हवं. आणि चहा याच्या बरोबर उलटं काम करतो, लोह अडवून धरतो. आपल्याकडे दीड वर्षाच्या पोराला बशीतला चहा आणि त्यात बुडवलेली खारी देतात, तो लाडाचा भाग समजतात. जेवणाच्या आगेमागे तरी हा लाड नको. खरं म्हणजे या वयात कधीच नको.

बाळ बसून खातंय ना, एवढं बघा. आडवं झोपवून, पळताना मागं फिरत, मोबाइल दाखवत मांसाचा घास भरवू नका. पहिल्यांदा चार घास खाऊन थुंकलं, तर नाराज होऊ नका. नवीन चव आठ-दहा वेळा समोर आल्यावर बाळ ती धरतं. जबरदस्तीनं तोंड उघडून कोंबलं तर तेच मटण त्याला वर्षभर नकोसं होतं.

नळीबद्दल बोललो नाही तर आमच्याच गटातल्या बायका भांडतील. नळी म्हणजे घरातल्या लाडक्याचा हक्क. पण तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात हाड देऊ नका. टोकदार कड हिरडीला लागते, बारीक तुकडा निखळून घशात जातो. नळी ताटावर आपटून आतला मगज काढा आणि त्याच्या भातात कालवा. त्याचा मान राहतो आणि आपला जीव थाऱ्यावर राहतो.

काळजाचंही तसंच. बोकड कापलं की काळजाचा तुकडा निखाऱ्यावर भाजून पोरांना द्यायची पद्धत बऱ्याच गावांत आहे. काळजात लोह भरपूर असतं, तेव्हा विचार बरोबर आहे. पण वरून भाजलेलं आणि आतून कच्चं काळीज बाळाला चालत नाही, आतपर्यंत लाली जायला हवी. बारीक तुकडे करून थोड्या पाण्यात झाकून सात-आठ मिनिटं शिजवलं की पुरे. काळीज जास्त शिजवलं तर उलट रबरासारखं होतं. आणि आठवड्यातून एकदाच, एक-दोन चमचे. त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज दिलं तर बाळाला ते जास्त होईल.

उरलेल्याचं काय करायचं? ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी बाळाचं मांस हाडं काढून, झाकून लगेच आत ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी संपवावं. लागेल तेवढंच काढून वाफ येईपर्यंत खळखळ उकळायचं, नुसतं कोमट करायचं नाही. एकदा गरम केलेलं परत आत ठेवायचं नाही. फ्रिज नसेल, किंवा असून दिवसदिवस लाइट नसेल, तर शिजल्यापासून दोन तासांत बाळाला द्या आणि राहिलेलं मोठ्यांनी संपवा. रात्रीचा रस्सा सकाळी उकळून मोठी माणसं खातात, त्यांना सोसतं. वर्षाच्या पोराला सोसत नाही. एकदा जुलाब लागले की महिन्याभरात कमावलेलं वजन चार दिवसांत जातं. बाळाच्या वाटीतलं उष्टं राहिलं तर तेही परत भांड्यात टाकू नका.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारकडून लोहाचं औषध येतं, आशाताईंकडे मिळतं, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. घरात मटण-कोंबडी होते म्हणून ते थांबवायचं नाही. त्यानं शी काळसर होते, ते पाहून घाबरून बाटली माळ्यावर टाकू नका. बाळ फारच फिकं, सुस्त वाटत असेल, तळहात, ओठ पांढरट दिसत असतील, तर मटणाची वाट न बघता आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या.

पुढच्या बुधवारी आमच्या गटांच्या बैठकीत याच रीतीनं पाव किलो फऱ्याचं मटण पातेल्यात आणि पाव किलो कुकरमध्ये शिजवून दाखवणार आहोत. येताना बाळाला आणा, आणि बाळाची रोजची वाटी-चमचाही आणा, म्हणजे त्याच वाटीत किती बसतं ते मोजता येईल. सासूबाईंनाही आणा. पातेल्यातून पहिले दोन तुकडे काढायचा अधिकार बहुतेक घरांत त्यांच्याच हातात आहे.